डावीकडचा रखवालदार

"माझ्या आजोबांना कुणीतरी उलटं केलंय," संचालकसाहेब म्हणाले.

भाऊजींनी वही काढली. उभी हयात पोस्टात गेल्यामुळे कुठलीही गोष्ट कागदावर आल्याशिवाय त्यांना कळत नसे. आल्यावरही लगेच कळेच असं नाही. हेरगिरी त्यांच्या वहिनींची, टिपणं यांची.

राष्ट्रीय उद्यानाच्या संग्रहालयात जुन्या छायाचित्रांचं प्रदर्शन संध्याकाळी उघडणार होतं. मधल्या चौकटीत वनखात्याचे कोट घातलेले दोन रखवालदार उभे होते, एक टोपीवाला, एक बोडका. खाली ओळ होती : 'डावीकडच्याने जंगलाला आग लावली, उजवीकडच्याने विझवली.' त्याच आगीचं निमित्त करून बोडक्याचं अख्खं गाव जंगलाबाहेर काढलं होतं.

"कालपर्यंत आजोबा उजवीकडे होते." साहेबांनी टोपीवाल्याकडे बोट दाखवलं. "आज सकाळी बघतो तर डावीकडे. ज्याने हे केलं त्याला मी आजच घरी बसवणार."

"ओळच चुकली असेल," वहिनी म्हणाल्या.

"शक्य नाही. फोटो काढणाऱ्याने त्याच जागी, काचेच्या निगेटिव्हच्या पाकिटावर लिहिलेली ओळ आहे. ब्रह्मवाक्य समजा."

भाऊजी छापील पुस्तिकेतला कालपर्यंतचा फोटो न्याहाळत होते. "घाईत दिसतात बिचारे. दोघांनीही कोटाची उजवी बाजू वर घेतलीय, बायकांसारखी."

वहिनींनी नुसतं 'हं' केलं.

छपाईवाला आधी आला. "काच सुलटी ठेवा नाहीतर पालथी, फोटो उमटतोच. पण मी चार दिवस गावाला होतो. अंधारखोलीची किल्ली मी, मावशी आणि संग्रहपालबाई, आम्हा तिघांकडे असते. आणि तो आगलाव्या मेला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो."

झाडपूस करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मी काच पुसते, माणसं नाही. तो मेला इकडे उभा राहो की तिकडे, धूळ तेवढीच बसते."

संग्रहपालबाई चहा घेत होत्या, तोही पांढरे हातमोजे घालून.

"कपाला डाग पडतील म्हणून?" भाऊजींनी विचारलं.

"सवय आहे," बाई म्हणाल्या. "हे बोडके आहेत ना, ते डावीकडे असायचे. आज उजवीकडे आलेत. याहून जास्त मला माहीत नाही."

वहिनींनी सगळ्यांना चौकटीसमोर उभं केलं. "भाऊजी, या फोटोत कोटाची कुठली बाजू वर आहे?"

"डावी. माझ्या कोटासारखी."

"दोन पुरुष एकाच दिवशी बायकांसारखी बटणं लावत नाहीत. जुना फोटो काच पालथी ठेवून छापलेला. आजचा सुलटा आहे. आणि ओळ तर, साहेब, ब्रह्मवाक्य."

साहेबांनी ओळ पुन्हा वाचली. ती बदलली नव्हती.

"पण केलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"आगलाव्याला सगळे 'तो' म्हणाले. एकीनेच 'ते' म्हटलं. आग लावणाऱ्याला अहोजाहो करणारं माणूस त्याच्या घरचंच असतं. बाई, हातमोजे काढा."

बाईंची बोटं छपाईच्या औषधाने तपकिरी झाली होती.

"नात आहे मी त्यांची," त्या शांतपणे म्हणाल्या. "काच सुलटी छापा म्हणून सहा अर्ज केले. साहेबांनी सहाही वेळा ओळीवर बोट ठेवलं. मग म्हटलं, ओळच राहू दे."

"तुमची नोकरी गेली."

"जाऊ दे. हाकललेल्या गावातल्या घराघरांत आमंत्रणं पोचलीत. दोनशे माणसं तरी येतील. भाषण तुमचंच आहे, याच चौकटीसमोर उभं राहून."

साहेबांनी आशेने वहिनींकडे पाहिलं.

"तुम्ही एक गुन्हेगार शोधायला बोलावलंत," वहिनी म्हणाल्या. "दोन सापडले, दुसरा चौकटीतच. लिहा, भाऊजी."