तारेवरचा हात

सगळे बसलात ना? मग तो मोबाईल उलटा ठेव, आणि मध्येच उठून कुणी पाणी प्यायला जाऊ नका. ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर ही वेळ आली तो माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने ती मला स्वतः सांगितली. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. गिटार, व्हायोलिन, पेटी, काहीही मोडलं की लोक त्याच्याकडे नेतात. खाली दुकान, वर खोली, आणि दोन्हीकडे तो एकटा. लग्न का केलं नाहीस, असं विचारायची आमची कधी छाती झाली नाही. राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

तारीख नीट सांगतो. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, सतरा तारीख, सोमवार. संध्याकाळी कुरिअरवाल्याने एक लांबलचक खोकं आणून टाकलं. मिस्त्रीने सही केली, खोकं आत ओढलं, सुरीने चिकटपट्टी कापली. आत एक बास गिटार होती. जुनी, आता शोधूनही न मिळणारी. पण तिची अवस्था काय सांगू! मानेचा वरचा भाग, जिथे खुंट्या असतात, तो तुटून नुसत्या तारांना लोंबत होता. धडाला वीतभर चीर. एक खुंटी पार वाकलेली. मिस्त्री मटकन स्टुलावर बसला. ती बास त्याच्या दादाची होती.

आता थोडं मागचं सांगायला हवं. हे दोघेच भाऊ. दादा एका बँडमध्ये बास वाजवायचा, आज या गावात तर उद्या त्या गावात. हा घरी, दुकान आणि आई सांभाळत. आई आजारी पडली आणि महिन्याभरात गेली. दादाला निरोप उशिरा मिळाला. तो पोचला तेव्हा आईला जाऊन नऊ दिवस झाले होते. प्रवासात बसच्या टपावर ही बासही मोडली. दारात उभा राहून तो पुष्कळ रडला. मग काय बोलावं ते सुचेना म्हणून की काय, मोडकी बास पुढे करून म्हणाला, "होईल का रे ही नीट?"

मिस्त्रीने चष्मा लावला नाही. दिवा जवळ ओढला नाही. वाद्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "नाही होणार. टाकून दे."

"तू म्हणतोस म्हणजे नाहीच होणार," दादा म्हणाला. बास उचलली आणि गेला. एकतीस वर्षं. ना पत्र, ना फोन. हा वाट बघायचा की त्याने आधी बोलावं, आणि तिकडे तोही तसाच.

खोक्यात एक चिठ्ठी होती, दादाच्या घरमालकिणीची. तिने लिहिलं होतं, 'तुमचे भाऊ मागच्या महिन्यात झोपेत गेले. तुमचा पत्ता त्यांच्या वहीत काल सापडला. मी त्यांना कितीदा म्हटलं, कोपऱ्यावर दुरुस्तीवाला आहे, निदान दाखवून तरी आणा. ते म्हणायचे, माझ्या भावाने बघितलीय. त्याच्याएवढं यातलं कुणाला कळत नाही. तो नाही म्हणाला म्हणजे नाही.' चिठ्ठीसोबत एक कापडी पुरचुंडी होती. तिच्यात तुटलेल्या लाकडाच्या चिपा, अगदी तांदळाएवढ्यासुद्धा, जपून ठेवलेल्या.

रात्री आठला मिस्त्रीने जुन्या वाद्यांच्या एका व्यापाऱ्याला फोन केला.

"दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका मिस्त्री," व्यापारी म्हणाला. "मी सुटे भाग काढून घेतो. सकाळी नऊला हजर."

मिस्त्री हो म्हणाला. का म्हणाला, ते ऐका. बास देऊन टाकली असती तर विषय मिटला असता. पण ती नीट झाली, तर याच्याच हातांनी सिद्ध होणार होतं की तेव्हाही ती नीट होत होती. म्हणजे भावाचं वाजवणं बसने मोडलं नव्हतं, याच्या एका वाक्याने मोडलं होतं. आणि ते ज्याला सांगायचं तो माणूसच उरला नव्हता. माझा मित्र तापट आहे, पण निगरगट्ट नाही. त्याला जेवण गेलं नाही.

रात्री अकरा चाळीसला तो पुन्हा खाली आला. मनाशी म्हणाला, निदान आतल्या वायरी जिवंत आहेत का ते तरी बघू. टेबलावर बास आडवी ठेवली आणि अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्याला, जोडली.

इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुनी बास अँपला लावली की स्पीकरमधून बारीक घूं... घूं... येत राहते. माणसाने तारांवर हात ठेवला की ती थांबते. हात उचलला की पुन्हा सुरू. यात भूतबीत काही नाही. तारा आतून एका वायरीला जोडलेल्या असतात, अंगाचा स्पर्श झाला की आवाज शांत होतो. कुठल्याही वाजवणाऱ्याला विचारा.

मिस्त्रीने सैल तारांवर हात ठेवला. घूं थांबली. उचलला, सुरू झाली. आतलं सगळं ठीक होतं. तो हात धुवायला मागच्या नळाशी गेला. नळ सोडला, साबण घेतला...

घूं थांबली.

त्याने वळून पाहिलं. टेबलापाशी कुणी नव्हतं. अँपचा लाल दिवा लागलेला.

पुन्हा सुरू झाली.

"लूज वायर असणार, काका."

मध्ये बोलू नकोस. अरे, मीही त्याला हेच म्हटलं होतं! तो काय शिकाऊ आहे? त्याने वायर हलवून पाहिली, सॉकेट पाहिलं, बटण पाहिलं. सगळं घट्ट. मग तो दोन पावलं मागे सरला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. घड्याळात बाराला पाच कमी. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही.

घूं... घूं...

थांबली.

 मिस्त्री पळाला नाही. एकतीस वर्षं त्याच्या घरचं कुणी दुकानात येऊन थांबलं नव्हतं.  कसाबसा म्हणाला, "दादा?"

घूं बंदच होती. 

"दादा... तेव्हाही होत होती. मी बघितलीच नव्हती."

...

"मला तुझा राग आला होता रे."

...

किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही. मग घूं सुरू झाली. हळू. कुणी जपून हात उचलावा तशी.

मिस्त्रीने शेगडी पेटवली. लाकूड चिकटवायचा सरस गरम केला. तारा खुंट्यांवरून सोडवल्या, चिमट्याने एकेक चीप जागेवर बसवली. सत्तरीला आलेले हात ते. तुटलेल्या जागेला सरस लावला, वरचा भाग मानेवर टेकवला, जोड आवळून धरायचा क्लॅम्प चढवला. पण मान तिरकी तुटलेली. ओल्या सरसावर तुकडा सरकायला लागला. एका हाताने क्लॅम्प धरायचा, दुसऱ्याने आवळायचा, आणि तुकडा धरायला तिसरा हात आणायचा कुठून? एकदा सरकला. पुसून पुन्हा लावला. परत सरकला. सरस गार व्हायला लागला. गार झाला की खेळ खलास.  "नाही होत रे," तो म्हणाला. या वेळी खरंच होत नव्हती.

घूं थांबली.

आणि तुकडा सरकायचा थांबला.

मिस्त्रीने मान वर केली नाही. समोर पाहिलं नाही. नजर फक्त स्क्रूवर. एक आटा. दोन आटे. तीन. लाकूड लाकडाला भिडलं. तो तसाच उभा राहिला. सोडलं तर जोड पुन्हा सरकेल म्हणून दोन्ही हात क्लॅम्पच्या लाकडी मुठींवर.

एक वाजला. दीड वाजला.

दुकानात एवढी शांतता की त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. स्वतःचाच होता असं तो म्हणतो. मी जास्त खोदून विचारलं नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी सरसाने पक्कं धरलं.

घूं... घूं... घूं...

इतका वेळ भीतीने जो माणूस रडला नव्हता, तो तेव्हा हंबरडा फोडून रडला. आवाज थांबला तेव्हा नाही. सुरू झाला तेव्हा.

सकाळी नऊला व्यापारी आला. मिस्त्रीने शटर अर्धंच उचललं, "विकायची नाही" म्हणाला आणि खाली ओढलं. मग मला फोन केला. नुसतं "ये" म्हणाला. मी दहाला पोचलो. अँप चालूच होता. अजूनही चालूच असतो, रात्रीसुद्धा. बंद कर म्हटलं की माझ्या अंगावर येतो.

मला टेबलाशी नेऊन त्याने क्लॅम्प सोडला. जोड असा की बोट फिरवलं तरी कळू नये. फक्त एके ठिकाणी सरस बाहेर आलेला होता. एरवी मिस्त्री तो ओल्या फडक्याने लगेच पुसतो, पण रात्री त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. सरस तिथेच वाळून दगडासारखा झाला होता. त्यात एक अंगठा उमटलेला. रेघन् रेघ स्पष्ट. चांगला रुंद. मिस्त्रीने आपले दोन्ही अंगठे लावून पाहिले, मग माझे लावायला लावले. चारांतला एकही बसेना.

"कुठल्या बाजूने धरलंय बघ," तो हळूच म्हणाला.

मी वाकून पाहिलं. अंगठ्याचं टोक आमच्याकडे होतं. म्हणजे धरणारा समोर, पलीकडच्या बाजूला. आणि त्या बाजूला टेबल भिंतीला खिळ्यांनी ठोकलेलं आहे. मध्ये कागदसुद्धा जात नाही.