तिसरा पेला

नझीरचाचा थापा मारतो म्हणायचं असेल, तर आत्ताच म्हणून घ्या. आमच्या दापोलीकडचा साबीर, इथं आखातात गीझर दुरुस्त करणारा. त्याच्या तोंडून ऐकलं तेच सांगतो. मागल्या वर्षी, सोळा जानेवारी, गुरुवार. रात्रीचे साडेआठ.

सलव्यातल्या एका घरी गीझर बंद पडला होता. मालक प्रवासाला गेलेले. दार उघडलं कामवाल्या बाईनं. उंच, अंगभर पांढरी चादर, इथिओपियाच्या दक्षिणेकडची, गामो डोंगरातली. काम अर्ध्या तासात उरकलं. साबीरचा जीव घराकडे लागलेला. हवल्लीच्या खोलीत बायको ताहिरा आणि बारा दिवसांचं बाळ, दोघंच. पण बाईनं फरशीवर शेगडी मांडून कॉफी केली होती. आपण कोकणी माणसं, पुढ्यात आलेल्याला नाही म्हणताना जीभ अडखळते. बसला बिचारा.

"आमच्या डोंगरात ओढा ओलांडला की बोली बदलते, देव बदलतात," बाई मोडक्या अरबीत म्हणाली. "पाहुण्याचे पेले मात्र सगळीकडे तीन. तिसरा बरकतीचा, टाळूवर लोणी थापतात तसा."

पहिल्यानं जीभ पोळली. दुसराही घेतला. तिसरा भरला, तसा साबीर उठला.

"नको. आमच्यात तीन म्हणजे अपशकून. तीन तिगाडा, काम बिगाडा."

बाई हसली नाही.

"भरलेली बरकत सांडत नाहीत. बाळाला पोचवते."

बाळाचं त्यानं सांगितलंच नव्हतं...

त्यानं खाली पाहिलं. शेगडीत राख. जुनी, थंड. निखारा एकही नाही. पेल्यातून मात्र वाफ येत होती.

चपला हातात घेऊन तो पळाला. गाडीतून ताहिराला फोन. रिंग... रिंग... उचलेना. सिग्नल लाल. परत फोन. रिंग...

"या अल्ला, माझ्या पोराला काय करू नको!" साबीर ढसाढसा रडत होता.

चौथा मजला. आतून कडी. त्यानं दार बडवलं. शांत. पुन्हा बडवलं...

कडी निघाली. ताहिरा डोळे चोळत उभी.

"कोन आयला होता?"

"कोन येल? कडी मीच लावलीय. डोला लागला होता माझा."

बाळ झोपलेलं. श्वास चालू. साबीर बाळाजवळ बसला. मग बाळाच्या डोक्यावरचं टोपडं त्यानं हळूच सरकवलं.

टाळूवर लोण्याचा गोळा. बोटांनी थापलेला. धुराचा वास.

घरात लोणी नव्हतं.

साबीरनं बोट लावलं. टाळू ऊन होती. लोणी... वितळत नव्हतं.