बुडाखालचं नाव

खोटं वाटलं तर खुशाल म्हणा. हे सांगताना काकांचा चेहरा मी पाहिलाय, मला तेवढं पुरे.

रविवार. दुपारचे तीन. काकांच्या घराची मागची खोली.

भिंतभर जुन्या, हातानं घडवलेल्या लाकडी फुलदाण्या. तीस वर्षांचा नाद. काकू चिडवायची, "घरात फूल एक नाही आणि फुलदाण्या दीडशे!"

पण त्या आठवड्यात चेष्टा करायचंही त्राण कुणात नव्हतं. काकू दवाखान्यातून नुकतीच घरी आली होती. तीन रात्री काकांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. हाताला चाळा म्हणून त्यांनी एक फुलदाणी पुसायला घेतली.

ती एका म्हाताऱ्या कातार्‍याची होती. जन्मभर लेथवर लाकूड कातलं, पण सही म्हणून कशावर केली नाही. मरायच्या आधी फक्त हिच्या बुडाखाली पेन्सिलीनं नाव लिहिलं. त्याच्या बायकोनं ती काकांना दिली. म्हणाली, "यांचं नाव तेवढं जपा."

फुलदाणी जरा डुगडुगत होती. काकांनी पॉलिश पेपर घेतला आणि बुडाची कड घासायला लागले...

जुन्या वस्तूचं बूड कधी घासू नये, हे काकाच सगळ्यांना बजावायचे.

घासता घासता डुलकी लागली. हात मात्र चालूच राहिला.

जाग आली तेव्हा बूड कोरं होतं.

काका हबकले. मग म्हणाले, नाव तर पाठ आहे, पुन्हा लिहू. पेन्सिल टेकवली...

नाव आठवेना.

तेवढ्यात आवाज आला... घर्रर्र...

लेथ फिरल्याचा. घरात लेथ नव्हता.

आवाज थांबला. फरशीवर लाकडाचा ताजा भुसा पडला होता. हात लावला... गरम!

फुलदाण्यांच्या नोंदींची वही उघडली. नोंद होती, नावाची जागा कोरी होती. जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला फोन लावला.

"अरे, तो आपला... थांब, अगदी जिभेवर आहे..."



शेवटी काकांनी कातार्‍याच्या बायकोलाच फोन केला. ते बोलायच्या आधीच पलीकडून थकलेला आवाज आला.

"बरं झालं, फोन केलात. मघापासून फोटोसमोर बसलेय. चाळीस वर्षं संसार केला हो... यांचं नाव काय होतं?"



त्याच वेळी आतून काकूनं हाक मारली. "अहो, दारात कोण उभंय? केव्हाची नाव विचारतेय... नुसतं तोंड उघडतोय!"

काका धावले. दारात कुणीच नव्हतं.

याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. गेल्या महिन्यात मी त्या बाईंकडे गेलो होतो, काकांची चूक कबूल करायला. धीर झाला नाही. चहा प्यायलो आणि उठलो.

बाई फाटकापर्यंत सोडायला आल्या.

म्हणाल्या, "आठवलं तर कळवा हं."