अंगणातला तुंबांदेरा

यामिल्का दुपारी माझ्याकडे आली ती मूठभर साखर मागायला, असं तीच म्हणाली. पण तिच्या हातात वाटी नव्हती, काकाच्या गाण्यांची सीडी होती. आमच्या बाराकोआच्या डोंगरात, काकाच्याच म्हणजे एव्हेलिओच्या अंगणात ती गाणी ध्वनिमुद्रित झाली होती. परदेशातल्या मंडळींनी इतक्या वर्षांनी ती काढून पाठवली. तिने सीडी माझ्या मशीनवर लावली.

"मावशी, तळाशी हे काय वाजतंय? कव्हरवर पाच वाद्यं लिहिलीत. हे सहावं."

मी कान दिला. डुम्म... डुम्म... आणि मग ओढलेला, कण्हल्यासारखा सूर. आधी माझ्या पायांनी ओळखलं, मग मी.

"तुंबांदेरा," मी म्हणाले. "जमिनीत खड्डा खणायचा, त्यावर ताडाची साल ताणायची, सालीतून दोरी वर वाकवलेल्या फांदीला बांधायची. दोरी छेडली की जमीन वाजते."

"काका म्हणतो, ते पिंप आहे. त्यानेच बडवलं."

"त्याचे दोन्ही हात गिटारवर आहेत. ऐक की."

तिने तो तुकडा पुन्हा लावला. दोन ठोके आणि लगेच तो कण्हता सूर, हे फक्त तिचा बाप लिओविस वाजवायचा. आणि एव्हेलिओ गावाला सांगत आला होता की भाऊ ध्वनिमुद्रणाच्या आदल्या पहाटेच होडीत बसून देश सोडून गेला. पोरीने इतकी वर्षं बापाला शिव्या घातल्या होत्या.

"बाबा होता ना त्या दिवशी?"

"होता, पोरी."

तुंबांदेरा वाजवणाऱ्यानेच तो संध्याकाळच्या आत बुजवायचा, वर रमचा घोट ओतायचा, ही आमची रीत. नाहीतर जमिनीला वाजायची सवय लागते, म्हणतात. एव्हेलिओने त्याच आठवड्यात अंगणात सिमेंट ओतलं होतं. कॉफी वाळवायला, म्हणे. याची कॉफीची झाडं तर मोजून चार! पाणी कुठेतरी मुरतंय असं मला तेव्हाच वाटलं होतं.

आम्ही तडक त्याच्याकडे गेलो आणि त्याच्याच मशीनवर सीडी लावली. तो आरामखुर्चीत बसून होता.

"पिंप म्हटलं ना एकदा."

"दाखव मग," मी म्हणाले.

"गंजलं. फेकलं."

"तू आणि फेकशील? फाटकी चप्पल जपणारा माणूस तू."

तो हसला नाही. अंगणाकडे मात्र बघायचं टाळत होता. चोराच्या मनात चांदणं.

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, गाणं शब्दाच्या मधेच तुटलं.

ठोके थांबले नाहीत.

डुम्म... डुम्म...

आम्ही दोघी बाहेर आलो. ऊन रणरणत होतं. सिमेंटवर कॉफीच्या बिया पसरल्या होत्या, आणि एका जागी, परातीएवढ्या गोलात, त्या ठोक्यागणिक उडत होत्या. बाकीच्या निश्चल. ओल्या मातीचा वास येत होता. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

यामिल्का गुडघ्यांवर बसली. तळवा त्या गोलावर ठेवला. तिचे ओठ हलले...

मागून एव्हेलिओने तिचं तोंड घट्ट दाबलं. त्याचा आवाज नुसता थकलेला होता.

"हाक मारू नकोस त्याला... मी एकदा मारली होती. उजाडेपर्यंत खालून वाजवायचा थांबला नाही."