बाहेरच्या कड्या

दार लोटून घ्या रे, आणि मध्ये बोलू नका. शंका काय त्या सकाळी विचारा. माझ्या ओळखीचा एक मिस्त्री होता, पत्र्याची कामं करायचा. थाप मारणं त्याला जन्मात जमलं नाही, त्यापायी बायकोची बोलणी खायचा. त्याचीच ही गोष्ट.

पुरात घर गेलं, तशी बायको आणि लेक घेऊन तो गोदामातल्या छावणीत आला. हातात कसब होतं, म्हणून छावणीच्या साहेबांनी मागच्या बाजूला पत्र्याचे संडास उभे करायला त्यालाच सांगितलं. रात्री वाऱ्यानं दारं आपटायची, लोकांची झोपमोड व्हायची. साहेब म्हणाले, कड्या बाहेरून ठोक. यानं ठोकल्या. आतून एकही नाही. बाप्यांच्या डोक्यात कशाला येतंय ते!

छावणीत शिवणकाम करणारी एक बाई होती, एकटीच. ती आली.

"मिस्त्री, आतून कडी लावा हो. रात्री कुणीतरी दार ढकलतं."

"उद्या बघतो, ताई."

त्याचा उद्या काही उजाडला नाही. दोन दिवसांत ती संडासामागच्या डबक्यात सापडली. साहेब म्हणाले, पाय घसरला. गळ्यावरचे वळ सगळ्यांनी पाहिले, तोंड कुणी उघडलं नाही. बायकांनी मात्र दिवस मावळला की पाणी पिणंच सोडलं.

त्याच आठवड्यात, शनिवारी मध्यरात्र उलटल्यावर, मिस्त्रीच्या लेकीचं पोट बिघडलं. पोर कळवळत होती आणि आई तापानं फणफणलेली. मिस्त्रीच बॅटरी घेऊन निघाला. लेक अगदी कडेच्या संडासात शिरली.

"बाबा, जाऊ नका हं."

"इथंच आहे गं."

पण बादलीत थेंब नव्हता. नळ गोदामाच्या कोपऱ्यापलीकडे. आत्ता येतो म्हणून गेला, बादली भरून वळला...

बॅटरीच्या उजेडात एक पाठ दिसली. छावणीचा पहारेकरी. खांदा लावून दार रेटत होता. अंगातलं सगळं बळ लावून.

दार हलत नव्हतं.

मिस्त्रीच्या हातून बादली पडली. पहारेकरी दचकून वळला. "दार अडकलंय... बघत होतो," म्हणाला आणि अंधारात पसार झाला.

मिस्त्रीनं दार ढकललं. ढिम्म. बाहेरची कडी उघडीच. आत कडी नाही. अडसर नाही. पोरीचा जीव तो केवढा...

"बाळा..."

काही नाही.

"बाळा, मी आहे गं..."

दार आपसूक उघडलं. पोर मागच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी. दारापासून लांब.

"दार कुणी धरलं होतं?"

"मावशीनं... ओली होती ती. म्हणाली, आवाज करू नकोस."

आत दुसरं कुणी नव्हतं.

सकाळी मिस्त्री साहेबांपुढे हात जोडून रडला. साहेब म्हणाले, पोर भ्यायली असेल, कशाला बोभाटा करतोस? तिचीच बदनामी. पहारेकरी तोच राहिला.

मिस्त्रीनं कुणाला न विचारता दारांना आतून कड्या ठोकायला घेतल्या. कडेच्या दाराशी आला आणि हात थांबला. पत्रा आतून बाहेर फुगला होता. दोन तळवे, दहा बोटं, मोठ्या बाईची. त्यानं हातोडीनं ठोकून पत्रा सपाट केला. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर तळवे परत तिथंच.

त्या दाराला कडी लावू नका, बायकाच म्हणाल्या. बाकीच्या दारांना आता कड्या होत्या, पण कडी काय, एका लाथेत निखळते. छावणी उठेपर्यंत रात्री साऱ्याजणी त्या एकाच दारापुढे रांग लावायच्या.