खाजगी की ऑफिसचं?

"फोन द्या."

ओळख ना पाळख, आणि माझ्या टेबलासमोर तळहात पसरून उभा! बघायला मान पार मागे न्यावी लागली, इतका उंच. कंपनीतला नवा कॉम्प्युटरवाला. येऊन चार दिवस नाही झाले, तर ‘फोनला कुलूप लावा’ म्हणून सगळ्यांच्या मागे हात धुऊन लागला होता. नावच पडलं – कुलूपवाला.

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. लोकांच्या तक्रारी मी घेते, मेकॅनिक पाठवते, आणि तो फोटो काढून माझ्या फोनवर टाकतो. खाली लिहितो – पाहणी पूर्ण. त्यामुळे माझ्या मोबाइलमध्ये गंजलेली चाकं आणि मावसबहिणीचं बाळ गुण्यागोविंदाने नांदत होती.

"नवा नियम आलाय. ऑफिसचं सगळं ऑफिसच्या क्लाउडवर, खाजगी वेगळं." त्याने खुर्ची ओढली आणि एकेक विचारायला लागला. "हे खाजगी की ऑफिसचं?"

"अहो, बाळ आहे ते!"

"विचारणं माझं काम..." असं म्हणून तो हसला. अर्धा क्षण, तेही गालातल्या गालात. पण माझं चित्त हरपलं ते हरपलंच.

"आणि ही ‘पाहणी’ नावाची फाइल?"

"ऑफिसचं," मी म्हणाले.

चुकलंच! ती लिफ्टची पाहणी नव्हती, स्थळांची होती. मावशी आणि मी मिळून भरायचो – मुलगा, उंची, स्वभाव, हसणं, मावशीचा शेरा, माझा शेरा. बरं, ती ऑफिसच्या क्लाउडवर गेली याचा मला पत्ताच नाही. त्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, मी त्यात एक ओळ वाढवलीसुद्धा.

सोमवारी अकराच्या मीटिंगआधी तो आला. कान लाल.

"साहेबांनी ‘पाहणी’ पडद्यावर लावायला सांगितली होती... मी आधी उघडून बघितली."

मला दरदरून घाम फुटला. "सगळी वाचलीत?"

"शेवटच्या ओळीपर्यंत."

धरणीमाय, पोटात घे! तेवीस मेकॅनिक, साहेब, आणि माझे शेरे... पण खरं सांगू, त्या तेवीस जणांपेक्षा मला याचीच धास्ती होती. हा आता माझ्याशी कधी बोलेल का?

"बाजूला काढलीय. कुलूप लावलंय. आता फक्त तिघांना दिसते."

"तिघं कोण?"

"तुम्ही, मावशी... आणि मी. एक दुरुस्ती केलीय, बघून घ्या." एवढं बोलून तो मीटिंगला पळाला.

मी लगेच फाइल उघडली. शेवटची ओळ, माझीच –

मुलगा: कुलूपवाला. उंची: दारात वाकतो. स्वभाव: जरा शिष्ट. हसणं: महिन्यातून एकदा. माझा शेरा: पण ते एकदाचं हसणं माझ्या वाट्याला यावं...

‘महिन्यातून एकदा’ खोडलं होतं. तिथे लिहिलं होतं – ‘रोज. तुम्ही फोनवर तक्रारी घेत असता तेव्हा.’

आणि शेजारी, तासाभरापूर्वीचा, मावशीचा शेरा: ‘वाकणारा नवरा शोधून सापडत नाही. बावळटासारखी बसू नकोस, हो म्हण.’

हसू की रडू, कळेना. दोन्ही झालं.

मीटिंग सुटली. तो पुन्हा टेबलासमोर, पण या वेळी हात खिशात.

"फोन हवाय?" मी विचारलं.

"नको. चहाला... येणार का?"

"हे खाजगी की ऑफिसचं?"

दिवसभर लोकांना हेच विचारणारा माणूस, आता स्वतःच कान चोळायला लागला! "खाजगी," शेवटी तो म्हणाला. "अगदी खाजगी."

"मग ‘येणार का’ काय? ‘येतेस का’ म्हण."

"येतेस का?"

मी पर्स उचलली. बाहेर पडताना तो दारात वाकला, आणि मी मागच्या मागे फाइल उघडून मावशीसाठी दोनच शब्द टाकले – पाहणी पूर्ण.