तिसरा सरदार

खोक्याचं एक टोक माझ्या हातात होतं, आणि दुसरं... शाईचे डाग पडलेल्या कोणाच्या तरी बोटांत.

"सोडा," मी म्हटलं.

"तुम्हीच सोडा ना," तो म्हणाला. अगदी नम्रपणे. त्या नम्रपणाचाच जास्त राग आला.

अठ्ठ्याऐंशीचा जानेवारी होता. पुलगावच्या लष्करी डेपोतल्या एका मेजरसाहेबांची बदली झाली होती आणि नको असलेलं सामान बंगल्याच्या व्हरांड्यात विकायला मांडलं होतं. पडदे, कुंड्या, इस्त्री... आणि हा परदेशी खेळ. खोक्यावर शिंगांचं शिरस्त्राण घातलेला जपानी योद्धा. आत जुन्या जपानचा मोठा नकाशा, पाच सरदारांच्या पाच रंगांच्या फौजा, धनुर्धारी, भालेवाले, घोडेस्वार, फासे, आणि करंगळीच्या पेराएवढे किल्ले.

"मले हा घ्यायचाच आहे."

"काऊन?"

"तुम्हाले काऊन सांगू?"

"मी तर ड्रॉइंगचं टेबल घ्यायले आलतो," तो म्हणाला. "वर्ध्याच्या पाटबंधारे ऑफिसात नकाशे काढतो. पण हा नकाशा पाह्यला न्..." तो हसला. गालावर खळी पडायची काही गरज नव्हती. पण पडली.

मेजरबाईंनी सांगितलेली किंमत माझ्या पर्सच्या बाहेरची होती. मी उरलेले पैसे आणायला सायकल पिटाळली. धापा टाकत परत आले तर टेबल तिथंच होतं, खोकं गेलेलं.

"श्रीनिवास नाम बताया," मेजरबाई म्हणाल्या. "बुरा मत मानो बेटी."

मी बुरा मानला. चांगलाच मानला.

कारण तो खेळ मला माझ्यासाठी नको होता. माझे बाबा, लक्ष्मणराव, कापडगिरणीत होते. बुद्धिबळात गिरणीत त्यांना कोणी हरवलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली. मग जो खेळायला यायचा, तो मुद्दाम हरून जायचा. बाबांना ते कळायचं. एक दिवस त्यांनी डाव्या हातानं पट उधळला. "मले कोणाची भीक नको," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून निजले. तेव्हापासून बाजेवर पडून गिरणीचे भोंगे मोजायचे, एवढंच त्यांचं काम. मला असा खेळ हवा होता, जो अख्ख्या पुलगावात कोणालाच येत नाही. म्हणजे सगळे सारखेच अडाणी.

शनिवारी माझी शाळा अर्धी असते. मुलींना नद्या-पर्वत शिकवले आणि थेट पॅसेंजरनं वर्धा गाठलं.

तो उतरत्या टेबलावर वाकला होता. मला पाहून दचकला. पेनातून कालव्याच्या रेघेवर टपकन थेंब पडला.

"कालवा फुटला तुमचा," मी म्हटलं. "तो खेळ मले विका."

"नाई."

"जास्त पैसे देते."

"विकत नाई." त्यानं टेबलाखालून खोकं ओढलं. "पण आठवडाभर नियम वाचून राह्यलो. याले कमीत कमी तिघं लागतात. तुम्ही... आणि?"

"माझे बाबा."

"मंग तिसरा मी."

मी त्याला बाबांचं सगळं सांगितलं. मग मी अट घातली. "मुद्दाम हरायचं नाई. एकदाही नाई."

"बाई, मले मुद्दाम हरायची गरजच पडत नाई," तो म्हणाला. आणि पुन्हा ती खळी.

रविवारी तो खोकं आणि वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेऊन आला. मी बाबांच्या बाजेजवळ पाटावर नकाशा पसरला. बाबांनी फाशांकडे पाहून नाक मुरडलं. "हा तं जुगार आहे."

आम्ही दोघंच उगाच फौजा मांडत बसलो. पाच मिनिटं गेली... दहा गेली.

"तो किल्ला तिथं काऊन ठेवला?" बाजेवरून आवाज आला. "मागून उघडा पडून राह्यला ना!" आणि बाबांचा डावा हात पुढे आला. मी मान खाली घालून बराच वेळ घोडेस्वार मोजत राहिले. डोळ्यांत काय आलं ते कोणाला दिसू नये म्हणून.

मग दर रविवारी लढाई. बाबा काळ्या फौजेचे सरदार, मी लाल, तो निळा.

"आपण तह करू," तो मला हळूच म्हणायचा.

"किती दिवसांचा?"

"तुम्ही म्हणाल तितक्या..."

"चाल करा," बाबा खाकरायचे. "तह मंग करजा."

मी दोनदा तह मोडला. दोन्ही वेळा तो माझ्याकडे असा पाहत राहिला, की फासे टाकताना माझा हात चुकला.

मार्चमधला एक रविवार. बाबांची फौज श्रीनिवासच्या मोठ्या किल्ल्याशी येऊन भिडली होती. आणि त्यानं किल्ल्यातले सगळे भालेवाले उचलून भलतीकडेच नेले. किल्ला रिकामा. बाबांचा हात हवेतच थांबला.

"हे काऊन केलं?"

श्रीनिवास उचललेले भालेवाले उगाच ओळीत लावत राहिला.

"पुढच्या रविवारी येऊ नका," बाबा म्हणाले. आणि भिंतीकडे वळले.

मी स्टेशनापर्यंत त्याच्या मागे गेले. अवकाळी भुरभुर लागली होती. फलाटाच्या पत्र्यावर तडतड वाजत होती.

"अट मोडली तुम्ही! कीव केली त्यांची!"

"कीव नाई..." तो भिजत उभा होता. "आज मले त्यांच्याशी बोलायचं होतं. तुमच्याबद्दल. वाटलं, जिंकले म्हणजे खुश असतील... नाई म्हणणार नाईत."

माझे कान गरम झाले होते.

"इतकी मूर्ख चाल मी आजवर पाह्यली नाई," मी शेवटी म्हटलं.

"मंग... तुमचं नाई?"

"रविवारी येजा. बाबांले खरं हरवा. मंग बोला."

"त्यांनी येऊ नका म्हटलं."

"ते मी पाहते."

गाडी लागली. तो चढायचंच विसरला. शेवटी मीच त्याला पाठीला हात देऊन डब्यात ढकललं. त्याला पहिल्यांदा हात लावला, तो असा.

घरी येऊन बाबांना सारं सांगितलं. काहीही लपवलं नाही. "त्याले कीव नाई आली, बाबा. तो तुम्हाले भ्यायला."

"मले भ्यायला?" बाबा भिंतीकडून इकडे वळले. मग म्हणाले, "येऊ दे."

त्या रविवारी चार तास कोणी चहालाही उठलं नाही. श्रीनिवास दात-ओठ खाऊन खेळला. बाबांनी त्याची अर्धी फौज कापली. पण उत्तरेकडून निळे भालेवाले आले, फासे पडले, आणि काळ्या सरदाराचा शेवटचा किल्ला गेला.

आई दारात येऊन उभी राहिली.

आणि बाबा हसले. अर्धंच तोंड हसत होतं, पण हसू पूर्ण होतं. "हरलो! लीने, मी खरा हरलो!"

श्रीनिवास उठला. तळवे पँटला पुसले. "लक्ष्मणराव, मले तुम्हाले..."

"मी तं हरलेला सरदार," बाबा म्हणाले. "मले काय विचारतं? ज्याचं उत्तर तिच्यापाशी, ते तिले विचार."

बाबांच्या तोंडी 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते त्याच्या लक्षातही आलं नाही. तो माझ्याकडे वळला. "लीना... मी... म्हणजे..."

मला आता एक क्षणही थांबायचं नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

"मी अजून विचारलं कुठं?"

"मंग विचारा लवकर. उत्तर तं देऊन झालं."

आणि त्यानं विचारलं. आईबाबांच्या देखत, अडखळत, पण पूर्ण.